काळ्या गाळाचा हक्क

सागरवाडी बंदर
१८ मार्च २०२४

आदरणीय काका,
सविनय जयभीम.

आई सांगत होती, कानाचं यंत्र तुम्ही पुन्हा पेटीत टाकलंत. "त्यातून माणसापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो" असं म्हणालात म्हणे. तुळजापूर आगारातल्या नोकरीत एसटीच्या गाड्यांनी तुमचे कान खाल्ले, आवाज मात्र जसाच्या तसा ठेवला. त्यामुळे फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, एवढंच होतं. म्हणून पत्र. इथं तरी माझं वाक्य तुम्हाला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

मी बंदरावर नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलं होतं. जहाजं ज्या वाटेनं धक्क्याला येतात तिला इथं चॅनल म्हणतात. ती गाळानं भरलीय. नुसता गाळ असता तर कधीच उपसून झाला असता. पण या धक्क्यावर पिढ्यान्पिढ्या जहाजांचे जुने रंग खरवडले गेले, तेल सांडलं, कारखान्यांचं पाणी आलं. ते सगळं तळाशी जाऊन बसलंय. वरून पाणी निळंशार दिसतं.

गाळाला हात लावण्याआधी आम्ही एक लांब नळी तळात खुपसतो आणि गाळाचा उभा तुकडा बाहेर काढतो. खाली राखाडी चिकणमाती असते, स्वच्छ. वर काळाभोर, लोण्यासारखा मऊ थर. आपल्या गावच्या कुणी पाहिला तर रानात टाकायला ट्रॉली जोडून येईल! पण सगळ्यात वाईट तोच.

परवा इथं वाद झाला. चॅनलच्या वाकणावर, जिथून जहाजं जात नाहीत अशा कडेला, हा काळा थर फार जाड आहे. उपसायला गेलो तर तो ढवळून खाडीत पसरेल, आणि खाडीत कोळ्यांची जाळी आहेत. वरिष्ठ म्हणतात, तिथं हात लावू नका, वर स्वच्छ वाळूचा जाड थर टाका आणि झाकून ठेवा. मला ते पटतं, आणि रात्री अंथरुणावर पडलं की पटत नाही. तुम्ही काय म्हणाल?

तुमची,
पौर्णिमा

*

कोळगव्हाण, बेंबळीजवळ
२९ मार्च २०२४

चि. पौर्णिमा,
जयभीम.

झाकून ठेवा! पोरी, हे दोन शब्द मी जन्मल्यापासून ऐकतोय. कुणाचा अपमान झाला, झाकून ठेवा. कुणाची जमीन गेली, झाकून ठेवा. गाव शांत राहिलं पाहिजे ना! झाकलेलं विष मरत नाही, ते वाट बघतं. तुझे वरिष्ठ शिकलेले असतील, पण ज्यानं घाण केली त्याच्या सोयीचाच सल्ला ते देतायत, हे ध्यानात ठेव. उपसा. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उपसा.

आता माझी बातमी ऐक. गेल्या साली पाऊस रुसला आणि आपला तलाव पार आटला. उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढून रानात टाकायची रीत तुला ठाऊक आहे. तो गाळ आधी कुणाच्या रानात जातो, हेही ठाऊक आहे. पाळूखालच्या, तलावाच्या बांधाला लागून असलेल्या बागायतीत. आपल्या गायरानाच्या तुकड्यांपर्यंत ट्रॉली यायची तेव्हा तळाला खडे उरलेले असायचे. यंदा मी ग्रामसभेत उभा राहिलो.

तलाव समितीचा महांतप्पा म्हणाला, "प्रेमानंदराव, तुमच्या गायरानात निव्वळ मुरूम. तिथं गाळ टाकणं म्हंजे खडकाला लोणी लावणं हाय."

मी म्हणालो, "अप्पा, तुमच्या रानाला लोणी लावून लावून आता तूप सुटलंय. एकदा खडकालाबी चाखू द्या की."

सभा हसली. आणि हसलेली सभा नाही म्हणत नसते. ठराव झाला, पहिला हक्क गायरानवाल्यांचा, आणि जागाही आम्हीच निवडायची. मी स्वतः तलावात उतरलो. पाळूजवळचा गाळ भुरका, ढेकळांचा. ओढा जिथून तलावात शिरतो तिथल्या डोहात मात्र काय माल आहे! काळा कुळकुळीत, बोटाला चिकटणारा. मी बोट ठेवलं, "हा आमचा." महांतप्पाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

नबीलालचा जेसीबी आणि ट्रॅक्टर ठरवलाय. तुझ्या आईच्या रानापासून सुरुवात. त्या मुरमात तिनं आयुष्य घातलं, पौर्णिमा. कुदळ मारली की ठिणगी उडायची. यंदा ती भाजी पेरणार म्हणते.

तुझा,
काका

*

सागरवाडी
५ एप्रिल २०२४

आदरणीय काका,

तुमच्या विजयाचा आनंद झाला, पण डोहातल्या गाळाची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मी आधी प्रश्न विचारते, रागावू नका.

तो डोहातला गाळच एवढा काळा का? एकाच तलावात पाळूजवळ भुरका आणि ओढ्याच्या तोंडाशी काळा, असं कशानं झालं? कुजलेल्या पाल्यानंही गाळ काळा होतो, ते चांगलं. पण काजळीनं होतो, राखेनं होतो, तेलानंही होतो. आपण काळ्या रंगालाच मातीचा कस समजतो. बंदरावर येईपर्यंत मीही समजायचे.

ओढ्याच्या वरच्या अंगाला काय काय होतं, आठवून लिहा. वीटभट्टी, कारखाना, काहीही. आणि कळेपर्यंत तो गाळ रानात टाकू नका. आईला फोन केला होता. ती म्हणाली, "भावजीला इचार." एवढंच. आई कधी एवढंच बोलत नाही.

डोहातला ओंजळभर गाळ वेगवेगळ्या चार ठिकाणांहून घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत पाठवा. इथल्या प्रयोगशाळेत तपासून घेते.

पौर्णिमा

*

कोळगव्हाण
१५ एप्रिल २०२४

चि. पौर्णिमा,

काल जयंती झाली. मिरवणुकीत पोरं नाचत होती आणि मी विहारात बसून तुझं पत्र पुन्हा वाचत होतो.

स्पष्ट लिहितो. पूर्वी आम्हाला सांगायचे, तुमच्या हातानं तळं बाटतं, लांब राहा. आता तू सांगतेस, तळ्यानं तुम्ही बाटाल, लांब राहा. कारण बदललं. आमच्या हातात टोपली मात्र दोन्ही वेळा रिकामीच. इतकी वर्षं पाळूखाली गाळ गेला तेव्हा कुणाला तपासणी सुचली नाही. आमची पाळी आली आणि विज्ञान जागं झालं! हे तू लिहावंस? ज्या पोरीला मी एसटीच्या टपावर टाकून पुस्तकं आणून दिली तिनं?

ओढ्याचं विचारलंस. वर माळावर एक शेड होतं. बाहेरच्या कुणीतरी भाड्यानं घेतलेलं. जुन्या बॅटऱ्या फोडायचे, भट्टीत काहीतरी वितळवायचे. धूर असायचा. गावातली दोन-चार माणसं रोजानं जायची. बंद पडून बरीच वर्षं झाली, आता पत्रेसुद्धा राहिले नाहीत. तेवढ्याशा शेडनं अख्खा तलाव नासतो, हे मला सांगू नकोस.

तरी तुझ्या समाधानासाठी नबीलालचा पोरगा साद तिकडं माल घेऊन येतोय, त्याच्या हाती पिशवी दिली आहे. काय तपासायचं ते तपास. टाकायचं की नाही ते आम्ही इथं बघून घेऊ.

काका

*

सागरवाडी
६ मे २०२४

आदरणीय काका,

उत्तराला उशीर झाला. पहिल्या तपासणीवर माझा विश्वास बसला नाही, म्हणून दुसऱ्यांदा करायला लावली.

शिसं आहे. शेतजमिनीत असतं त्याच्या कितीतरी पट. बॅटरीतलं शिसं, भट्टीची राख, फोडलेल्या कवचांची काजळी. पावसाबरोबर ओढ्यात आलं आणि जड असल्यामुळे पहिल्या शांत पाण्यात, म्हणजे डोहात, बसलं. तुम्ही ज्याला लोणी म्हणालात ते हेच.

काका, शिसं पिकाला मारत नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, पीक जळालेलं बघून माणूस सावध तरी झाला असता. मेथी हिरवीगार येईल. वाऱ्यानं धूळ उडेल, पोरांच्या हाताला लागेल, तोंडात जाईल. मग पोर अशक्त होतं, चिडचिडं होतं, शाळेत मागं पडतं. आणि आपण म्हणतो, "डोस्क्यानं मंद हाय." शिशाचं नाव कुणी घेत नाही.

आता दुसरी गोष्ट. पिशवीतला गाळ थेट डोहातून काढलेला नाही. त्यात तांबड्या मुरमाचे खडे आहेत, आणि एका ढेकळात मेथीची कोवळी मुळी आहे. तलावात मेथी उगवत नाही. तुम्ही मला "टाकायचं की नाही ते बघून घेऊ" असं लिहिलंत तेव्हा तो गाळ रानात पसरलेला होता आणि पेरूनही झालं होतं. आईच्या रानात. खरं ना?

आता रागावायलासुद्धा वेळ नाही. पाऊस यायच्या आत तो थर वरच्या वर काढायला हवा. नांगर, वखर काहीही घालू देऊ नका, एकदा खालच्या मातीत मिसळला की निघत नाही. पाणी शिंपडून, ओलसर करून, फावड्यानं खरवडायचा. काम करणाऱ्यांनी तोंडाला फडकं बांधायचं आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही. भाजी कुणालाही खाऊ घालू नका, जनावरालाही नाही.

कुणाकुणाच्या रानात गेलाय ते लिहा.

पौर्णिमा

*

कोळगव्हाण
१४ मे २०२४

चि. पौर्णिमा,

खरं आहे. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा गायरानाच्या सगळ्या तुकड्यांवर गाळ पडला होता. चांगुणानं, तुझ्या आईनं, मेथी आणि कोथिंबीर पेरली होती. पहिली जुडी तिनं मला आणून दिली. मी खाल्ली. शेजारच्या लेकरांनीही खाल्ली. तुला फोनवर काही बोलू नको असं तिला मीच सांगितलं होतं. वाटलं, तुझ्या बंदरासारखं इथल्या गाळात काही निघणार नाही, मग कशाला पोरीच्या जिवाला घोर.

तुझं हे पत्र वाचून पहिल्यांदा काय मनात आलं, तेही लिहितो. वाटलं, महांतप्पाला हे माहीत होतं. म्हणून त्यानं डोह सोडून दिला. तसाच काठी टेकत त्याच्या मळ्याकडं निघालो. मनात भाषण तयार होतं. वाटेत नबीलाल भेटला. म्हणाला, "कुठं चाललाव, काका, एवढ्या तावातावानं?"

मी सांगितलं. तर तो रस्त्यातच खाली बसला. हसतोय की रडतोय कळेना.

"काका, अप्पाला ठावं असतं तर त्यानं माझ्याकडनं चोरून त्योच गाळ नेला असता व्हय? तुमची डोहातली खेप चालू हुती तवा पहाटंच्याला मला उठवून चार ट्रॉल्या मळ्यात टाकून घेतल्या त्यानं. म्हणला, नबी, कुणाला बोलू नगंस, मला माझ्या लिंबोण्याला पायजे. खुदा की कसम, खोटं न्हाय."

मी तिथंच बांधावर टेकलो. आयुष्यभर मी एकच वाचत आलो, की वाईट आहे त्यामागं कुणाचा तरी डाव आहे. बहुतेक वेळा होताही. इथं डाव नव्हता. तो आणि मी, दोघंही एकाच काळ्या रंगाला भुललो. त्यानं चोरला आणि मी लढून मिळवला, एवढाच फरक.

तहसील कचेरीत जाऊन आलो. आचारसंहिता चालू आहे, निकाल लागेपर्यंत थांबा, म्हणाले. पाऊस आचारसंहिता पाळत नाही, असं मी म्हणालो. साहेबांनी चहा मागवला.

आता लोकांना सांगायचं आहे. मी कायम मागायला उभा राहिलो, पौर्णिमा. मिळालेलं काढून टाका, हे सांगायला कधी उभा राहिलो नाही. आणि काढलेला गाळ टाकायचा कुठं?

काका

*

सागरवाडी
१८ मे २०२४

आदरणीय काका,

कुठं टाकायचा, हाच सगळ्या कामाचा मूळ प्रश्न आहे, आणि त्याचं सोपं उत्तर आमच्याकडंही नाही. बंदरात आम्ही झाकणाच्या पोहऱ्यानं गाळ उचलतो, भोवती पडदे लावतो. सगळं कसं काळजीपूर्वक चालतं! आणि मग बैठकीत नकाशा उघडतात. प्रत्येक वेळी बोट एकाच जागेवर जातं, कोळीवाड्यामागच्या खाजणावर, भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीवर. "तिथं कुणी नसतं," म्हणतात. तिथं बायका कालवं वेचतात. आजवर मी त्या बैठकांत गप्प बसत आले. काल बसले नाही. फारसं काही झालं नाही, "मॅडम, तुम्ही गाळाचं बघा, गावाचं आम्ही बघतो," एवढं ऐकून घेतलं. जागा अजून ठरलेली नाही, हे खरं.

तुमचं उपसणं आणि माझ्या वरिष्ठांचं झाकणं यात मला आता पहिल्यासारखं भांडण दिसत नाही. वाकणावर उपसलं असतं तर खाडी मेली असती. आणि तुमच्या रानात झाकून चालणार नाही, कारण तिथं नांगर फिरतो, लेकरं खेळतात. दोन्हीकडं एकच बघायचं, ते विष कुणाच्या अंगावर जाणार.

पक्की विल्हेवाट सरकारनंच लावायला हवी. तोवर खोल नाही, उंचवट्यावर जागा हवी, विहीर आणि ओढा यांपासून लांब. खाली चिकण काळी माती ठोकून बसवायची, त्यावर शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद. त्यावर गाळ, वर पुन्हा कागद, मग माती, चारी बाजूंनी चर आणि कुंपण. जागा कुणाची, ते मला इथून सांगता येणार नाही.

लेकरांचं रक्त जिल्हा रुग्णालयात नेऊन तपासून घ्या. तुमचंही.

पौर्णिमा

*

कोळगव्हाण
२ जून २०२४

चि. पौर्णिमा,

काम झालं. कसं झालं ते लिहितो.

बुद्धपौर्णिमेला विहारात सगळे जमले होते. त्रिसरण-पंचशील झालं आणि मी उभा राहिलो. एरवी माझं पहिलं वाक्य मला आदल्या दिवशीच माहीत असतं. त्या दिवशी नव्हतं. मी म्हणालो, "मी तुम्हाला विष आणून दिलं." मग तुझं पत्र वाचून दाखवलं.

मग उत्तरेश्वरनं सुरुवात केली. त्याच्या रानात वांगी फुलावर आहेत. "काका, तुमच्या भाषणानं गाळ आला, आता तुमच्याच भाषणानं जाणार व्हय? उद्या म्हणाल, घरंबी मोडा." मागून कुणीतरी ओरडलं, "अप्पाकडून सुपारी घेतली का म्हातारपणी?" मला नीट ऐकू आलं नाही, शेजारच्यानं कानाशी येऊन सांगितलं. ज्या सभेनं मला कधी खाली बसवलं नाही तिनं त्या दिवशी बसवलं.

तेव्हा तुझी आई उठली. विहारात ती कधी बोललेली मला आठवत नाही. म्हणाली, "माझ्या रानातनं सुरू करा. म्या उद्या सकाळी फावडं घेऊन हाय तिथं. ज्याला यायचं त्यो या, न्हायतर नगा येऊ. पर ज्यांच्या लेकरांनी माझी मेथी खाल्ली, त्यांनी उद्या दवाखान्याच्या गाडीत बसा. तेवढं माझ्यावर उपकार करा."

सकाळी ती आणि मी असे दोघंच होतो. दुपारी नबीलाल आला, संध्याकाळपर्यंत चार बाया. तिसऱ्या दिवशी उत्तरेश्वर आला. आल्या आल्या वांगी उपटायला लागला.

जागेवरून मात्र पुन्हा सभा पेटली. सगळ्यांचं म्हणणं एक, माळावरच्या जुन्या खाणीत लोटून द्या. जवळ आहे, खोल आहे, फुकट आहे. मी म्हणालो, "खाणीच्या कडेला पारध्यांची पालं हायत. पाणी त्याच खाणीतलं पितात ती."

"ती आज हायत, उद्या न्हाईत," एक पोरगं म्हणालं. आपलंच, शिकलेलं.

पौर्णिमा, त्या क्षणी मला कळलं की अन्यायाला जात नसते, उतार असतो. पाण्यासारखा तो खाली खाली जातो. आपण मधल्या पायरीवर उभे होतो, आणि खालची पायरी शोधत होतो. मी ओरडलो नाही. एवढंच म्हणालो, "माझ्या तुकड्यावर टाका. उंचवट्यावर हाय. विहीर लांब हाय."

नबीलालनं त्याच्या शेततळ्याचा फाटका कागद आणला आणि जोड देऊन अंथरला. कोपरा न् कोपरा तू लिहिल्याप्रमाणं केला. शेवटच्या दोन दिवसांत महांतप्पाचा ट्रॅक्टर आला. भर दुपारी, उघड्यावर. तो खाली उतरला, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, "प्रेमानंदराव, माझाबी थोडा हाय. जागा हुईल का?"

उत्तर देण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं. सगळं आयुष्य त्या उत्तरासाठीच तर वाचलं होतं. मी बाजूला सरकलो आणि ट्रॉली मागं घ्यायला हात दाखवला.

लेकरांच्या रक्ताचा अहवाल यायचाय. आला की आधी तुला कळवीन, चांगला असो वा वाईट. या वेळी काही लपवणार नाही. माझ्या जमिनीचं पुढं काय, ते माहीत नाही. कचेरीत दर सोमवारी जाऊन बसणार आहे. ते कंटाळेपर्यंत. बोलायला दम उरलाय अजून.

गायरानात सगळीकडं पुन्हा तोच तांबडा मुरूम उघडा पडलाय. काल संध्याकाळी शेवटचं घमेलं टाकून चांगुणा रानात गेली. चपला हातात घेऊन या बांधापासून त्या बांधापर्यंत अनवाणी चालली, मी काठावर उभा. परत आली तेव्हा तळव्याला रुतलेला खडा काढत होती.

मी विचारलं, "काय गं?"

"टोचतंय, भावजी," ती म्हणाली. "बरं वाटलं."

तुझा,
काका